आडव्या झग्याचा कॉर्बी

नीनियनला कुणी दवंडीवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. हातातलं खोगीर बाजूला ठेवून तो त्या माणसाकडे आधी नुसता बघायचा, मग ओठांत धरलेली सुई काढून म्हणायचा, "दवंडीवाला हरवलेल्या डुकरासाठी ओरडतो. मी कॉर्बी आहे." आमच्या किल्डोरी गावातल्या लहान-थोर सगळ्यांना हे वाक्य पाठ होतं. बाजारच्या दिवशी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या दुकानाच्या खिडकीत डोकावायची आणि विचारायची, "काय रे दवंडीवाल्या, डुक्कर सापडलं का?" आमची बेकरी त्याच्या भिंतीला भिंत लावून होती, त्यामुळे हा तमाशा मी लहानपणापासून फुकटात ऐकत आले.

कॉर्बी म्हणजे डोमकावळा. आमच्या अर्लच्या, म्हणजे इथल्या सरदाराच्या, ढालीवर काळा डोमकावळा आहे, आणि अर्लच्या वतीने चारचौघांत बोलणाऱ्या मानकऱ्याला त्याचंच नाव मिळतं. असे मानकरी राजाकडे एडिंबरोत पुष्कळ आहेत. पण एखाद्या घराण्याने स्वतःचा ठेवलेला आता शोधून सापडायचा नाही, म्हणून नीनियन स्वतःला राजाच्या माणसांपेक्षा काकणभर वरचाच समजायचा. रंगीत रेशमाचा, सोन्याच्या तारेने भरलेला झगा अंगावर चढला की तो अर्लची जीभ झाला. त्याने म्हटलेलं ते अर्लने म्हटलेलं, आणि ते परत घेता येत नाही. झगा अंगावर असेपर्यंत स्वतःचा एक शब्द काढायचा नाही, आणि अर्लच्या शब्दाला काना-मात्रेची भर घालायची नाही. "शिंक आली तर?" मी एकदा विचारलं होतं. "ती अर्लची शिंक," तो म्हणाला, आणि हसला सुद्धा नाही.

या मानाचा सगळा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि तो कुणालाही, विचारलं नसतानाही, ऐकवायचा. पहिला कॉर्बी म्हणे गिरणीवाल्याचा पोरगा. पहिला अर्ल लढाईत जखमी होऊन चरात पडलेला, त्याचा दूत शेजारीच मरून पडलेला, आणि शत्रू चारी बाजूंनी. या पोराने मेलेल्या दूताचा झगा ओरबाडून काढला, घाईघाईत तो आडवाच गळ्यात घातला, आणि शत्रूच्या रांगेतून अर्लचं नाव ओरडत धावत सुटला. दूतावर हत्यार उचलायचं नाही हा तेव्हाचा नेम, म्हणून कुणी त्याला अडवलं नाही. तो मदत घेऊन आला आणि अर्ल वाचला. तेव्हापासून आमच्याकडे कॉर्बी झगा आडवाच घालतो. म्हणजे बाह्या पुढे छातीवर आणि मागे पाठीवर लोंबतात, आणि मोठा डोमकावळा भरलेली जी पुढची नि मागची पाखं, ती दोन खांद्यांवरून दंडांवर पडतात. परका माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं, बिचाऱ्याला कपडे घालता येत नाहीत. आमचे पाद्रीबाबा म्हणायचे की कनिष्ठ दूताने झगा आडवा घालायची रीत पूर्वी सगळीकडेच होती आणि ही गोष्ट मागून रचलेली आहे. नीनियन त्या वर्षी दोन महिने चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला.

झगा सरळ घालायचा मान हेराल्डचा, म्हणजे कॉर्बीच्या वरच्या पायरीच्या दूताचा. कॉर्बीची सेवा पाहून अर्लने त्याला बढती दिली तर अर्ल स्वतः, सगळ्या गावासमोर, आपल्या हातांनी त्याचा झगा फिरवतो. अर्लच्या हातांनी न फिरवलेला झगा सरळ घालून जो कुणी पुकारा करील, तो तोतया, आणि त्याचा पुकारा म्हणजे नुसता वारा. माझ्या आजीच्या आजोबांच्या वेळी एक कॉर्बी पिऊन तर्र होऊन झगा सरळ अडकवून आला आणि त्याने जत्रा खुली झाल्याचं पुकारलं. व्यापाऱ्यांनी मुकाट तंबू गुंडाळले. त्या वर्षी जत्रा भरलीच नाही, आणि त्या माणसाचं नाव काढून घेतलं गेलं.

नाव काढून घेतात, कारण ते बाप्तिस्मा केल्यासारखं दिलेलं असतं. नव्या कॉर्बीला गुडघ्यांवर बसवून अर्ल चांदीच्या पेल्यातून वाइन आणि पाणी त्याच्या डोक्यावर ओततो आणि नाव ठेवतो. त्या क्षणापासून त्याचं आधीचं नाव कुणी घ्यायचं नाही. गावच काय, त्याची बायको आयझोबेल सुद्धा त्याला कॉर्बीच म्हणायची. भांडताना सुद्धा. "कॉर्बी, चिखलाचे बूट घेऊन आत आलास तर झाडूच घालीन पाठीत!" हे आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. मी इथे त्याला नीनियन म्हणते आहे, आणि तसं का, ते पुढे येईलच.

नीनियनला आडनाव होतं गॉल्ड, पण ते त्याला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या खोगीरवाल्याचं. तो ग्लासगोच्या अनाथालयातून आलेला. तिकडची पोरं तेव्हा आमच्याकडे शेतांवर, दुकानांत वाटून देत असत. कुणाचा कोण, कुठला, काही पत्ता नाही. आणि आमचं गाव असं, की नवा माणूस दिसला की 'तू कुणाचा' हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर नसलेला माणूस आमच्यात जन्म काढला तरी पाहुणाच राहतो. हे मी अभिमानाने सांगत नाही. नीनियन तरुण असताना एकदा चौकात घोडा उधळला, आणि हा दुकानातून असा ओरडला की घोडा आणि बाजार दोन्ही जागच्या जागी थांबले. म्हातारे अर्ल तेव्हा बग्गीत बसले होते. त्यांनी विचारलं, "हा आवाज कुणाचा?" पुढल्या लॅमसला, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या तारखेच्या सणाला, नीनियनच्या डोक्यावर वाइन पडली. त्यानंतर त्याला कुणी 'तू कुणाचा' असं विचारलं नाही. गावातल्या कुठल्याही घराण्याहून जुनं नाव त्याच्याकडे आलं होतं.

म्हाताऱ्या अर्लनी त्याचा झगा फिरवायचं कबूल केलं होतं. अर्लच्या मनात होतं, पण आज करू, उद्या करू, आणि एका हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. थडग्यापाशी उभं राहून नीनियनने त्यांची सगळी बिरुदं एका दमात पुकारली, आणि त्याचा आवाज कुठेही फाटला नाही. मग त्याने झगा काढून शवपेटीवर ठेवला, कारण धन्यासोबत कॉर्बीचाही मान संपतो. नातू नवा अर्ल झाला. इंग्लंडात शिकलेला, भिडस्त, चांगल्या मनाचा मुलगा. त्याने पेला मागवून नीनियनच्या डोक्यावर पुन्हा वाइन ओतली तेव्हा आयझोबेलच्या जिवात जीव आला.

नीनियन मला चर्चच्या आवारातलं एक थडगं दाखवायचा. शेवटच्या हेराल्डचं. त्यावर दगडात झगा कोरलेला होता, सरळ. बाकीच्या कॉर्बींच्या दगडांवर आडवा. तो त्या सरळ झग्यावरून बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "ग्रिझेल, एवढं झालं की मी मरायला मोकळा." मी चेष्टेने म्हणायचे, "मग नकोच होऊ दे, आमचं पाव-बिस्किटाचं गिऱ्हाईक जाईल."

आता दलदलीची गोष्ट. गावाच्या वर, टेकडीच्या कुशीत, काळी दलदल आहे. तिथलं पीट, म्हणजे ती काळी कुजकट माती, वसंतात विटांसारखी कापायची, वाळवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची. प्रत्येक घराचा तिथे आपापला काठ, म्हणजे कापायची पट्टी, ठरलेला, बापाकडून लेकाकडे आलेला. सनद अशी की दलदल गावाची, जोवर कॉर्बी लॅमसच्या दिवशी भर दुपारी, घंटेच्या ठोक्यांवर, चौकातल्या क्रॉसच्या खांबापाशी ती बंद झाल्याचं पुकारत नाही तोवर. दर लॅमसला नीनियन पुकारायचा, "काळी दलदल खुली आहे," आणि आम्ही 'ऐकलं' असं म्हणून घरी जेवायला जायचो. दुसरं काही पुकारलं जाऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

त्या वर्षी लंडनच्या कुणा धनवंतांनी वरची सगळी टेकडी शिकारीसाठी भाड्याने मागितली. वाड्याचं छप्पर गळत होतं आणि नव्या अर्लला पैशांची गरज होती. पण त्या लोकांची अट होती, दलदलीत माणसं नकोत, पक्षी बुजतात. ॲबर्डीनहून अर्लचे वकील आले, डूगिड नावाचे. त्यांनी सनद उकरून काढली आणि सांगितलं की उपाय एकच आहे, कॉर्बीचा पुकारा, आणि तोही रीतसर, शब्दाला शब्द.

अर्ल स्वतः नीनियनच्या दुकानात आला. मी तेव्हा पाव द्यायला गेले होते आणि मागच्या खोलीत आयझोबेलबरोबर चहा पीत होते. दार उघडंच होतं. अर्लने टोपी हातात धरली होती.

"मला हे आवडत नाहीये, कॉर्बी," तो म्हणाला. "प्रत्येक घराला कोळसा देईन मी. शब्द देतो."

"देणार, साहेब. आपण आहात तोवर देणार," नीनियन म्हणाला.

अर्लने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "अजून एक आहे. आजोबांनी मला सांगून ठेवलं होतं तुमच्याबद्दल. त्या दिवशी, पुकारा झाला की मी पायऱ्या उतरून येईन आणि तुमचा झगा फिरवीन. हा मोबदला समजू नका. ते तुमचं देणं आहे."

आयझोबेलने माझा हात इतका घट्ट दाबला की चहा सांडला. मग नीनियन म्हणाला, "आपली कृपा, साहेब." एवढंच.

बातमी त्याच संध्याकाळी गावभर झाली, आणि नाही म्हणत नाही, माझ्याही तोंडून झाली. दुसऱ्या दिवशी माझी आई पीठ लागलेल्या हातांनीच त्याच्या दुकानात शिरली.

"नाही म्हण," ती म्हणाली.

"कॉर्बी नाही म्हणत नसतो, जेनेट. शपथ आहे."

"मग आजारी पड."

"तापातही पुकारावं लागतं."

"मग दोन शब्द बदल! म्हण, बंद नाही. कोण येतंय तपासायला?"

नीनियन पांढराफटक पडला. मला वाटतं आईने त्याला खून कर म्हटलं असतं तरी तो इतका हादरला नसता. "चारशे वर्षांत एकाही कॉर्बीनं धन्याचा शब्द बदललेला नाही," तो म्हणाला. "जीव गेले त्यांचे, पण बदलला नाही."

"मग थंडीत तुझा तो झगा घेऊन ये माझ्याकडे," आई म्हणाली. "चूल पेटवायला."

त्यानंतर सबंध गावाने त्याच्याशी बोलणं तोडलं. खिडकीत कुणी डोकावेना. डुकराची चौकशी कुणी करेना. इतकी वर्षं ज्या चेष्टेवर तो तडकायचा ती बंद झाली आणि माणूस आठवड्यात वाळला. तो रस्त्याने निघाला की बायका दारं लावून घ्यायच्या. मीही पाव आयझोबेलच्या हातात देऊन मागे फिरायचे. राग होताच माझ्या मनात. झग्यासाठी आमची चूल विकली, असंच मला वाटत होतं, आणि ते मी आयझोबेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालेही होते.

लॅमसचा दिवस उजाडला, स्वच्छ आणि वाऱ्याचा. चौक माणसांनी भरला, पण सणाचा आवाज नव्हता. क्रॉसच्या पायऱ्यांवर अर्ल उभा होता, त्याच्या मागे डूगिडसाहेब, एका हातात घड्याळ, एका हातात पुकाऱ्याचा कागद. मी आईबरोबर पायऱ्यांच्या अगदी जवळ होते. आईने ठरवलं होतं की पुकारा संपला की थुंकायचं.

खोगीरवाल्याचं दार उघडलं आणि नीनियन बाहेर आला.

झगा सरळ होता.

मोठा काळा डोमकावळा पंख पसरून त्याच्या छातीवर होता. हात बाह्यांत होते. फिती नीट बांधलेल्या होत्या, एकही वाकडी नव्हती. त्याच्यामागे आयझोबेल दारात उभी, डोळे सुजलेले. तो वाट करून देणाऱ्या माणसांमधून चालत आला, कुणाकडे न बघता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चौक असा गप्प झाला की माझ्या आईचा श्वास मला ऐकू येत होता. शेरिफच्या कचेरीतला म्हातारा शिपाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात कुणीतरी त्याचा पाय तुडवला.

डूगिडसाहेबांनी वर बघितलंच नाही. त्यांचे डोळे घड्याळावर, मग कागदावर. अर्लने बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. तो मागे वळून हळूच म्हणाला, "घाई झाली बिचाऱ्याला." खरंच सांगते, त्याच्या आवाजात माया होती. रीत त्याने ऐकलेली होती, पण ऐकलेलं आठवायला वेळ लागतो.

घंटेचे ठोके पडू लागले आणि नीनियनने आवाज लावला. इतक्या वर्षांत मी तो आवाज पुष्कळदा ऐकला होता, पण असा नाही. अर्लची सगळी बिरुदं, एकामागून एक. मग, "काळी दलदल आज या दुपारपासून बंद आहे. यापुढे तिथे कुणी फावडं लावू नये, कुणी काठ सांगू नये. हा अर्लचा शब्द." डूगिडसाहेबांचं बोट कागदावर ओळीओळीने सरकत होतं. एक अक्षर चुकलं नाही. पुकारा संपला तेव्हा ठोके कधीचेच संपले होते.

कुणीही 'ऐकलं' म्हटलं नाही.

अर्ल पायऱ्या उतरला. कबूल केल्याप्रमाणे तो नीनियनसमोर येऊन उभा राहिला, झगा फिरवायला त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि त्याच्या लक्षात आलं की फिरवायला काही उरलेलं नाही. हात तसेच हवेत राहिले. वरून डूगिडसाहेबांचा आवाज आला, "थांबा! थांबा, हे... हे धरता येणार नाही!" आणि मग तेही थांबले, कारण ठोके परत मागे जात नाहीत.

"कॉर्बी," अर्ल म्हणाला, "काय केलंत हे?"

नीनियन गप्प. झगा अंगावर होता.

"बोला ना!"

तेव्हा नीनियनने फिती सोडल्या, झगा डोक्यावरून काढला, घडी घातली, लहान मुलाला झोपवतात तशा काळजीने, आणि अर्लच्या पुढे केलेल्या हातांत ठेवला. नुसत्या शर्टात उभा असलेला तो माणूस मला एकदम म्हातारा दिसला.

"आपला शब्द मी पोचवला, साहेब. अक्षर बदललं नाही," तो म्हणाला. "अंगावर झगा तेवढा चुकला."

"चुकला? मी स्वतः फिरवणार होतो तो. पाच मिनिटांत."

"माहीत होतं, साहेब."

माझी आई थुंकली नाही. तिने तोंडाला एप्रन लावला.

आयझोबेलने मला नंतर सांगितलं. ती नेहमीसारखी त्याला झगा घालायला गेली, तर तो म्हणाला, सरळ घाल. ती म्हणाली, "अरे, तुझं सगळं जाईल." तो म्हणाला, "माहीत आहे. फिती बांध." डोळ्यांतल्या पाण्याने तिला फिती दिसेनात, म्हणून शेवटच्या गाठी त्यानेच मारल्या.

नाव त्याच दिवशी काढून घेतलं, तिथेच, क्रॉसपाशी. रीतच तशी आहे आणि अर्लला ती पाळणं भाग होतं. चांदीचा पेला आणला, रिकामा. नीनियन गुडघ्यांवर बसला. अर्लने पेला त्याच्या डोक्यावर उपडा धरला आणि त्यातून काहीच पडलं नाही. "ऊठ, नीनियन गॉल्ड," तो म्हणाला. नीनियनला ते ऐकूच आलं नसावं, कारण तो उठला नाही. त्या नावाने त्याला कुणी हाक मारल्याला तीस वर्षं झाली होती. शेवटी आयझोबेल गर्दीतून पुढे आली आणि त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेली.

पुकारा आता पुढच्या लॅमसशिवाय होऊ शकत नव्हता, आणि त्यासाठी नवा कॉर्बी हवा होता, किल्डोरीतच वाढलेला. अर्लने गावातल्या तिघांना विचारलं. एक म्हणाला मला सर्दी आहे, डोक्यावर पाणी चालत नाही. दुसऱ्याने बायकोवर ढकललं. तिसरा म्हणाला, "साहेब, मला ओरडता येत नाही," आणि हे त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की रस्त्यापलीकडे आम्ही ऐकलं. अर्लने चौथ्याला विचारलंच नाही. लंडनच्या लोकांनी दुसरी टेकडी बघितली. पुढे डूगिडसाहेबांनी पुन्हा विषय काढला तेव्हा अर्ल म्हणाला, असं वाड्यातल्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, "छप्पर गळू दे." झगा त्याने देवदाराच्या पेटीत ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे कॉर्बी झालेला नाही, आणि होईलसं वाटतही नाही.

आमची चूल वाचली. पण नीनियनसाठी आम्ही काय केलं म्हणाल तर, पहिले काही महिने काहीच नाही. लाज वाटत होती आम्हाला. शिवाय त्याला हाक काय मारायची, इथपासून अडचण. कॉर्बी म्हणायचं नाही, नीनियन जिभेवर येत नाही. माणसं खिडकीपाशी यायची, "अं..." करायची आणि लगाम दुरुस्तीला टाकून पळायची. तोही मान वर करीत नसे. आयझोबेल म्हणायची, "घरात बोलतच नाही गं. झोपेत मात्र पुकारतो." हे सांगताना ती रडायची, आणि मला तिच्याकडे बघवत नसे.

वाड्यातून कॉर्बीला कोळसा मिळत असे, तो आता बंद झाला. त्यामुळे वसंतात पीट कापायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की त्याचा दलदलीत काठच नाही. अनाथालयातून आलेल्याला कुठला काठ? माझ्या आईने आमच्या काठाशेजारची पडीक पट्टी दाखवली आणि सगळ्यांना दरडावलं, "हा नीनियनचा काठ. कुणाला काही म्हणायचंय?" कुणाला काही म्हणायचं नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी चौघे जण त्यावरचं गवत काढायला हजर. नीनियन मात्र पीट कापण्यात अगदीच ढ निघाला. फावडं उलटं धरायचा, विटा मोडायचा, आणि मी हसले की म्हणायचा, "हस, हस. तुला खोगीर शिवायला बसवतो, मग बघू." तो पुन्हा चिडायला लागला तेव्हा मला कुठे बरं वाटलं.

लॅमस आला तेव्हा वाळलेलं पीट घरी न्यायचं काम चाललं होतं. खाली चौकात कुणी जमणार नव्हतं, कशाला जमेल? आम्ही दोघं दलदलीतच होतो, तो त्याच्या काठावर, मी आमच्या, हातगाड्या भरत. खालून चर्चची घंटा ऐकू यायला लागली. मी थांबले. तो थांबला नाही. त्याने एक वीट उचलली, गाडीत ठेवली, दुसरी उचलली, ठेवली. शेवटचा ठोका झाला आणि वारा तेवढा राहिला. मग त्याने पाठ सरळ केली आणि खाली गावाकडे बघितलं.

"माझ्याशिवाय दुपार झाली बघ, ग्रिझेल," तो म्हणाला.

पश्चात्ताप होतो का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. तोच म्हणाला, "मला वाटायचं, झगा सरळ झाला की काहीतरी वाटेल आत. चौकात चाललो ना तेव्हा, तेवढी पावलं, वाटलं ते. खरंच वाटलं. खोटा होता तरी वाटलं." त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो पीटच्या ढिगावर बसून तोंड झाकून रडला, मोठ्याने, सगळ्या दलदलीला ऐकू जाईल असा. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. आसपासच्या काठांवरची माणसं काम थांबवून दुसरीकडे बघत उभी होती. एकेक करून त्यांनी आपापल्या गाड्या सोडल्या, आली, आणि न बोलता त्याची गाडी भरून दिली.